‘नशा उतरेल’ म्हणून झोपवू नका

‘अंगावरून वारे गेले’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे साठी-सत्तरीचा म्हातारा येतो. गिरणीत हयात घालवलेला, एक पाय ओढत चालणारा. हा समज आता सोडावा लागेल. लकवा, ज्याला डॉक्टर पक्षाघात म्हणतात, तो पंचविशीतल्या पोरांनाही होतो. अशा तरुणाच्या घरच्यांना डॉक्टर हमखास विचारतात, ‘काही नशा करतो का?’ घरच्यांचे उत्तर ठरलेले असते, ‘नाही हो, पोरगं साधं आहे.’ या एका उत्तरापायी काय काय बिघडते, ते आज आम्हाला सांगायचे आहे.

नशेची पुडी ही मुंबई-पुण्याची गोष्ट, आपल्या सोलापुरात ताडी नाहीतर हातभट्टी, असे पुष्कळांना वाटते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यावर धाड घातली आणि तिथे चक्क एमडी तयार होत असल्याचे उघडकीस आले. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी सोलापूरच्याच रस्त्यावरच्या कुरकुंभला मोठा साठा पकडला. एमडी म्हणजे मेफेड्रॉन. केंद्र सरकारने ते २०१५ साली अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले. जो माल आपल्या दाराशी तयार होत होता, तो आपल्या गल्लीत येणारच नाही, असे कोणी छातीला हात लावून सांगावे!

आता ही पावडर शरीरात काय करते ते पाहू. एमडी हे अँफेटामाइन नावाच्या औषधाच्या जवळच्या नात्यातले. ते घेतले की काळीज धडधडते, रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब एकाएकी चढतो. मेंदूतली एखादी नाजूक वाहिनी हा दाब सोसू शकली नाही तर फुटते आणि मेंदूत रक्तस्राव होतो. वाहिनी आवळून किंवा रक्ताची गाठ अडकून प्रवाह बंद पडला, तर तो दुसऱ्या तऱ्हेचा लकवा. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात १८ ते ४४ वयाच्या रुग्णांच्या नोंदी तपासून २००७ साली एक अहवाल प्रसिद्ध झाला. अँफेटामाइनची नशा करणाऱ्यांत मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका जवळजवळ पाचपट आढळला. आम्ही कारकून माणसे, आकडा नीट वाचण्याची सवय आहे. पाचपट म्हणजे प्रत्येकाला होतो असे नव्हे. तरुणपणी हा आजार मुळात कमी, त्याच्या पाचपट. पण ज्या घरात कमावता एकच, तिथे हा एकच पुरे होतो.

गांजाला पोरे ‘झाडपाला’ म्हणतात. त्यानेही हृदयाचे ठोके बिघडतात, काहींच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि तरुणांतल्या लकव्याशी त्याचा संबंध डॉक्टरांना आढळला आहे. त्यात तंबाखू मिसळलेली असते, ती वेगळीच. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे म्हणतात, तो कुठे बंद आहे ते आम्हाला कोणी दाखवावे. दारूचे तर काय सांगावे? एका बैठकीत भरमसाट ढोसली तर रक्तदाब चढतो, ठोके चुकतात.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्या प्रतिज्ञा दिल्या, त्यांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. आपण दर वंदनेला पाचवे शील म्हणतो. ‘आम्ही दारूला शिवत नाही,’ असे सांगून सिगारेटीत गांजा भरणाऱ्या पोरांना विचारले पाहिजे, पाचवे शील फक्त बाटलीपुरते आहे काय? ज्याने शुद्ध हरपते आणि माणूस बेसावध होतो, ते सारे त्यात आले. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेमागे नाचणाऱ्या काही पोरांचे डोळे पाहिले की हे बोलणे भाग पडते. कोणाला राग आला तर येवो.

खरा घात पुढे होतो. लकव्यात जीभ जड होते, तोल जातो. नशेतही तसेच होते. रात्री पोरगा अडखळत आला, काहीतरी बरळला. आई म्हणते, ‘आज जास्त घेतलीय, निजू दे, सकाळी उतरेल.’ सकाळी हात उचलत नाही. मग शेजारची बाई कबुतराचे रक्त चोळायला सांगते, कोणी झाडपाल्याच्या वैद्याकडे नेते, आणि सिव्हिलचे दार दुपारी दिसते.

ओळखायचे कसे? नशेने बहुधा दोन्ही बाजू सारख्या ढिल्या पडतात, लकवा बहुधा एका बाजूला धरतो. त्याला हसायला सांगा, तोंड एकीकडे ओढते का बघा. दोन्ही हात वर करायला लावा, एक खाली पडतो का बघा. साधे वाक्य म्हणायला लावा. एकाएकी असह्य डोके दुखून उलट्या झाल्या, तोही इशाराच. शंका आली तरी १०८ ला फोन करा. तोंडात पाणी नको, गोळी नको, ठसका लागून जीव जाईल. कुशीवर ठेवा. तो धडधाकट शेवटचा किती वाजता दिसला, ते लक्षात ठेवा.

ही वेळ का महत्त्वाची? गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही डोक्याचे सीटी स्कॅन काढून. रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन प्राण घेईल. म्हणून स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणीच न्यायचे, गल्लीतल्या दवाखान्यात सलाईन लावून तास घालवायचे नाहीत. आणि काय घेतले, किती वाजता घेतले, हे डॉक्टरला खरे सांगायचे.

पोलिसांची भीती वाटते, हे आम्हाला कळते. पण अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४ अ आहे. सेवनाचा किंवा अगदी थोडा माल बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला तयार झाला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण जाऊ शकते. विकणाऱ्यांना ही सवलत नाही, नसावीच.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करा, शिधापत्रिका आणि आधार सोबत न्या. घरी आल्यावर हाता-पायाचे व्यायाम महिनोन् महिने चालतात. सुनेने बिड्या वळायच्या की नवऱ्याचा हात हलवायचा, हा प्रश्न घराघरात येतो, तेव्हा वस्तीतल्या महिला मंडळाने पाळी लावून घ्यावी. पुन्हा पुडी हाती लागली तर दुसरा झटका येण्याची भीती असते, म्हणून व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा मोफत सरकारी क्रमांक आहे. पोरगा तयार नसेल तर आईनेच फोन करावा, घरच्यांनाही तिथे सल्ला मिळतो.