मुलांना सांगायचे नाही, म्हणजे नेमके काय?

भोसरी, चिखली किंवा चाकणच्या कामगार कुटुंबात आईला कॅन्सर निघाला की थोरामोठ्यांचे बहुधा आधी एकच ठरते: पोरांच्या कानावर जाऊ द्यायचे नाही. त्यामागे मायाच असते. पण दोन खोल्यांच्या घरात आजार झाकून राहत नाही. जाडजूड फाईल, दबक्या आवाजातले फोन, वडिलांनी बदलून घेतलेली शिफ्ट, परळच्या टाटा रुग्णालयाच्या खेपा हे सारे मुलाला दिसते. कारण तेवढे कळत नाही, म्हणून ते स्वतःच शोधते. साधारण दोन ते सात या वयात मुलाचा विचार स्वतःभोवती फिरतो, हे झाँ पियाजे यांनी मांडले. त्यामुळे ‘मी त्रास दिला म्हणून आई आजारी पडली’ असा अर्थ मूल सहज लावते आणि तो कुणाला सांगत नाही. पोट दुखते, अंथरूण पुन्हा ओले होऊ लागते, अभ्यासातले लक्ष उडते. ‘एवढ्याशा जिवाला काय कळणार?’ हा आक्षेप पुराव्यापुढे टिकत नाही. स्पीस आणि ब्रेंट यांनी १९८४ मध्ये आधीच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान मरण म्हणजे काय हे उमजू लागते असे दिसले. त्यांना पेशींचे शास्त्र नको असते. आजाराचे नाव, उपचारांनी केस गळतील पण बहुधा पुन्हा येतील, शाळेतून कोण आणेल आणि ‘हे तुझ्यामुळे झालेले नाही’, एवढे पुरते.

न बोलण्यातूनच दुसरा गैरसमज पोसला जातो: आजार मुलांना लागेल. कॅन्सर असा लागत नाही. आईच्या ताटात जेवल्याने नाही, कुशीत झोपल्यानेही नाही. बाहेरून यंत्राने रेडिएशन घेतलेल्या माणसाच्या अंगात किरण उरत नाहीत. जपायचे असते ते बहुधा आईलाच, कारण केमोत पांढऱ्या पेशी घटतात. म्हणून तापाचे किंवा कांजिण्यांचे मूल काही दिवस लांब ठेवावे लागते. थायरॉइडच्या कॅन्सरसाठी किरणोत्सारी आयोडीन दिले असेल तर मात्र मुलांसाठीही काही दिवस अंतर पाळावे लागते. कारण न सांगता पाळलेले हे अंतर मुलाला शिक्षा वाटते.

मुलांना गावी आजीकडे धाडण्याचेही तसेच. वडील सेकंड शिफ्टला आणि आई रुग्णालयात असेल तर दुसरा इलाज नसतो, हे मान्य. पण ‘सुट्टीला जा’ म्हणून पाठवलेल्या मुलाला शाळा सुरू होऊनही कुणी न्यायला आले नाही, की आपल्याला टाकले असे वाटते. का पाठवतो, किती दिवस, रोज फोन किती वाजता येईल, हे निघण्याआधी सांगावे. ‘आई मरणार का?’ या प्रश्नाची घरच्यांना सर्वांत जास्त धास्ती असते. त्यावर ‘नाही’ असे खोटे वचन देऊ नये. ‘डॉक्टर उपचार करताहेत, पुढे काही बदलले तर तुला आम्हीच सांगू’ हे खरे आणि झेपणारे उत्तर आहे. मूल आठवडेच्या आठवडे झोपत, जेवत किंवा बोलत नसेल तर वर्गशिक्षकांना विश्वासात घ्यावे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर समुपदेशन मोफत मिळते, मराठीतून आणि चोवीस तास, त्यामुळे नाइट शिफ्टवरून परतलेल्या बापालाही तिथे बोलता येते.