ओळख पटवायची कोठे? पडद्यावर की सर्व्हरवर?

सातबारा उताऱ्यासाठी आता तलाठी कार्यालयाची पायरी चढावीच लागते, असे नाही. शेती बारामती तालुक्यातील कन्हेरीत आणि नोकरी पुण्यात, अशा खातेदाराला महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळतो. उतारा ही सार्वजनिक नोंद. ती कोणालाही मागता येते. मात्र ‘ई-हक्क’ प्रणालीतून वारसनोंदीसाठी अर्ज करायचा, तर अर्जदार नेमका कोण, हे ठरणे अगत्याचे असते. ही ओळख पटते तरी कशी?

अशा सेवांचे सर्वसाधारणपणे दोन भाग असतात. ब्राउझरमध्ये आपल्याला दिसतो तो दर्शनी भाग आणि नोंदी सांभाळणारा सर्व्हर हा मागचा भाग. दोहोंतील संवाद ‘एचटीटीपी’ या नियमावलीने चालतो आणि ती मुळातच विसरभोळी आहे. प्रत्येक विनंती तिला नवखी वाटते. एकदा ओळख दिलेला माणूस पुढच्याच क्षणी परका ठरू नये, यासाठी १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी ‘कुकी’ची युक्ती काढली.

आज प्रचलित असलेली पद्धत अशी. वापरकर्ता पासवर्ड किंवा ओटीपी देतो. सर्व्हर तो पडताळतो आणि जुळल्यास एक टोकन देतो. पुढील प्रत्येक विनंतीसोबत हे टोकन जाते. २०१५ मध्ये प्रमाणित झालेले ‘जेसन वेब टोकन’ हे त्याचेच एक रूप. त्यात सहसा वापरकर्त्याची ओळख, मुदत आणि डिजिटल स्वाक्षरी असते. मजकुरातील एक अक्षर बदलले, तरी स्वाक्षरी जुळत नाही. मजकूर मात्र सहसा कोणालाही वाचता येतो. म्हणून त्यात गुपित ठेवू नये. टोकन ज्याच्या हाती, तोच सर्व्हरच्या लेखी खरा. त्यामुळे त्याची मुदत अल्प असावी आणि प्रवास एचटीटीपीएसच्या कूटबद्ध मार्गानेच व्हावा. दोन्ही भागांचे पत्ते वेगळे असल्यास कोणत्या पत्त्यावरील पानाला उत्तर वाचू द्यायचे, हेही सर्व्हरवर नोंदवून ठेवावे लागते.

खरी मेख पुढेच आहे. पडद्यावरील एखादे बटण लपवले म्हणजे सुरक्षा झाली, असे नव्हे. दर्शनी भाग वापरकर्त्याच्याच यंत्रावर चालतो. जाणकार त्याला वळसा घालून थेट सर्व्हरकडे विनंती धाडू शकतो. म्हणून तपासणी सर्व्हरवरच आणि दर वेळी व्हायला हवी. शिवाय ‘तुम्ही कोण’ आणि ‘तुम्हाला अधिकार कशाचा’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. स्वतःच्या अर्जाचा क्रमांक बदलून शेजाऱ्याचा अर्ज उघडू पाहणाऱ्याचे टोकन अस्सल असते. तरीही त्याला अडवायलाच हवे.

अर्जातील कागदपत्रांची छाननी महसूल कर्मचारी करतात. अर्ज कोणी केला, याची ग्वाही मात्र प्रणालीलाच द्यावी लागते. वापरकर्त्याचीही जबाबदारी आहेच. ओटीपी कोणालाही सांगू नये आणि सार्वजनिक संगणकावरून उठण्यापूर्वी लॉगआऊट करण्यास विसरू नये.