प्रचलित चालीचे अनुकरण आणि खेळगड्यांचा उपहास

प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांतील मुलांच्या तोंडी हल्ली 'नूब' आणि 'बॉट' हे दोन शब्द शिक्षकांच्या कानी वारंवार पडतात. ते मोबाईलवर खेळावयाच्या खेळांतून आलेले आहेत. 'नूब' म्हणजे नवशिका. 'बॉट' म्हणजे ज्याच्यामागे माणूस नसून केवळ संगणक आहे, असा यांत्रिक खेळाडू. याच जातीची आणखी एक टवाळी ऑनलाइन खेळांत रूढ आहे. जो खेळाडू स्वतः युक्ती न शोधता सर्वांनी उचललेली चाल खेळतो, त्याला इतर खेळाडू हसतात. वस्तुतः खेळ जिंकण्यासाठीच असेल, तर उत्तम ठरलेली चाल घेणे हे शहाणपण मानले जावयास हवे. मग त्याचीच थट्टा का व्हावी? शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रश्न क्षुल्लक समजू नये. अनुकरणाने शिकणाऱ्या मुलाला समवयस्क कोणत्या दृष्टीने पाहतात, हे त्यावरून कळते.

या टवाळीचा उगम पाहावयाचा, तर 'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ घ्यावा. रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला हा खेळ १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. आपल्या नेहमीच्या पत्त्यांप्रमाणे यात सर्वांपाशी तीच बावन्न पाने नसतात. हजारो निरनिराळ्या पानांतून प्रत्येकाने निदान ६० पानांचा आपला जोड स्वतः बांधावयाचा आणि मग प्रतिपक्ष्यापुढे बसावयाचे. म्हणजे निम्मा खेळ पटावर बसण्यापूर्वीच झालेला असतो. पुढे इंटरनेटवरून विजयी जोडांच्या याद्या सर्वत्र जाऊ लागल्या. यादी पाहून हुबेहूब तसाच जोड बांधणे कोणालाही शक्य झाले. अशा खेळाडूला 'नेटडेकर' हे नाव पडले, आणि ते गौरवाचे नव्हते.

येथे बुद्धिबळाशी तुलना केल्यास मर्म ध्यानी येते. रुई लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूचा बुद्धिबळावरील ग्रंथ १५६१ सालचा. त्याच्या नावाने ओळखली जाणारी सुरुवात आजही जगभर खेळली जाते; ती खेळणाऱ्याला कोणी नकलाकार म्हणत नाही. कारण बुद्धिबळात दोघांची मोहरी सारखीच, आणि पाठ केलेल्या चाली संपल्या की पुढचा डाव ज्याचा त्यालाच खेळावा लागतो. पत्त्यांच्या त्या खेळात मात्र जोड बांधणे हीच एक विद्या आहे. तेथे दोन बक्षिसे असतात: एक विजयाचे, दुसरे शोधाच्या मानाचे. नक्कल करणारा पहिले घेऊन जातो आणि दुसऱ्याची किंमत उतरवतो, असे जुन्या खेळाडूंना वाटते. त्यांचा राग पराभवाचा कमी आणि मानाचा अधिक असतो.

तथापि सारा दोष टवाळखोरांच्या अहंकाराला देणे न्याय्य होणार नाही. २०१४ साली निघालेल्या 'हार्थस्टोन' या संगणकावरील पत्त्यांच्या खेळात, त्याच वर्षी जुलैत 'अंडरटेकर' नावाचे एक पान आले. ते अगदी अल्प मोलात उतरवता येई. पुढे विशिष्ट जातीचे पान उतरवले की दर वेळी त्याचे बळ व आयुष्य ही दोन्ही एकेकाने वाढत. थोड्याच काळात असंख्य खेळाडू तेच पान घेऊन समोर येऊ लागले. प्रतिपक्षी बदलला तरी डाव तोच! जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने ते पान दुबळे केले. तेव्हापासून केवळ बळ वाढू लागले. 'मॅजिक'च्या कंपनीनेही २०१७ साली आपल्या ऑनलाइन सामन्यांतील विजयी जोडांच्या याद्या प्रसिद्ध करण्याचे प्रमाण घटवले. याद्यांच्या भरघोस पुरवठ्याने खेळाचे कोडे फार लवकर सुटते, हे त्याचे कारण होते. म्हणजे कंटाळ्याची तक्रार खरी होती, आणि खेळ चालवणाऱ्यांनाही ती मान्य करावी लागली.

पण खऱ्या तक्रारीच्या आडोशाला दुसरेही बरेच काही उभे असते. हरल्यावर 'तू जिंकलास, पण जोड तुझा नव्हे' एवढे म्हणता आले, की पराभव निम्मा हलका होतो. खेळरचनाकार डेव्हिड सर्लिन यांनी २००६ सालच्या आपल्या पुस्तकात अशा खेळाडूंवर कठोर टीका केली आहे. खेळाच्या नियमांत नसलेले मानापमानाचे नियम हे लोक मनाशी रचतात, स्वतःचे हात बांधून घेतात आणि दुसऱ्याने ते पाळले नाहीत म्हणून कुरकुरतात, असा त्या टीकेचा आशय आहे. प्रस्तुत लेखकास ही टीका बव्हंशी पटते. मात्र ती स्पर्धेतील प्रौढांना लागू आहे. नवशिक्या मुलाचा प्रश्न वेगळा आहे.

तो वेगळेपणा 'फोर्टनाइट'मध्ये स्पष्ट दिसतो. या खेळाचा लोकप्रिय झालेला प्रकार सप्टेंबर २०१७ मध्ये आला. तो विनामूल्य असून पैसे पडतात ते मुख्यतः पोशाखांना. पोशाखाने अंगी बळ येत नाही. तरीही जो मुलगा काहीच विकत न घेता खेळाने दिलेल्या मूळ वेशात येतो, त्याला 'डिफॉल्ट' म्हणून हिणवतात. म्हणजे एकीकडे लोकांमागे गेला म्हणून हसे आणि दुसरीकडे लोकांमागे गेला नाही म्हणून हसे! दोन्हींत समान काय, तर 'तू आमच्यांत नवा आहेस' हा निवाडा. ऑक्टोबर २०१७ मध्ये विकलेला कवटीधारी 'स्कल ट्रूपर' हा पोशाख जवळजवळ वर्षभर बाजारात नव्हता. ज्यांच्यापाशी तो होता ते जुने गडी म्हणून ओळखू येत. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो पुन्हा विक्रीस आला, तेव्हा कंपनीने जुन्या मालकांना जांभळ्या तेजाचा एक निराळा प्रकार दिला. नव्याजुन्यांतील रेघ पुसली जाऊ नये, याची काळजी विक्रेत्यानेच घेतली.

मुलांवर या टवाळीचा परिणाम दोन प्रकारे होतो. काही मुले खेळ सोडतात. त्याचे दुःख पालकांस बहुधा नसते. परंतु काही मुले लपवावयास शिकतात. यादीतील एखाददुसरे पान बदलून 'हा जोड माझा' म्हणून सांगतात. दुसऱ्याच्या निबंधातील चार शब्द बदलून वही पुढे करणारा विद्यार्थी आपल्या परिचयाचा आहेच. ज्या वर्गात कित्ता गिरवूनच अक्षर वळणदार होते, तेथे 'हे कोणाचे पाहून शिकलास?' या प्रश्नाला मूल का बिचकते, हे समजण्यास या खेळांची ओळख उपयोगी पडते. शिक्षकाने तोच प्रश्न आरोपाच्या सुरात न विचारता, त्याच्या जोडीला 'हे पान येथे का ठेवले असावे?' असे विचारून पाहावे. नकललेल्या जोडातील पानांची कारणे शोधू लागलेले मूल लवकरच एखादे पान काढून दुसरे घालून पाहते, आणि त्या वेळी ते काही लपवण्यासाठी तसे करीत नसते.