दोनदा समुद्रात कोसळलेल्या रॉकेटमुळे पीएसएलव्ही कसं उभं राहिलं?

टीम एकदा अपयशी ठरली तर लोक समजून घेतात. दुसऱ्यांदाही तेच झालं की विचारायला लागतात, माणसं बदलायची की कामच बंद करायचं? १९८८ च्या जुलै महिन्यात इस्रोबद्दल असे प्रश्न विचारायला पुरेसं कारण होतं. सोळा महिन्यांत एकाच रॉकेटची दोन उड्डाणं बंगालच्या उपसागरात गेली होती.

त्या रॉकेटचं नाव एएसएलव्ही. आज ते फारसं कुणाला आठवत नाही. पण चांद्रयान-१, मंगळयान आणि आदित्य-एल१ ज्या पीएसएलव्ही रॉकेटने अवकाशात नेलं, त्याचा बराचसा पाया याच विसरलेल्या रॉकेटने घातला.

एएसएलव्ही कशासाठी हवं होतं?

१८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ रॉकेटने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. आनंद मोठा होता, पण ३५ किलोच्या उपग्रहाने देशाची कामं होणार नव्हती. शेती, पाणी, जंगलं यांची पाहणी करायची तर जवळपास एक टनाचा उपग्रह लागतो. असा आयआरएस-१ए हा उपग्रह भारताने बनवला खरा, पण मार्च १९८८ मध्ये तो सोव्हिएत रॉकेटमधून पाठवावा लागला.

एक टन नेणारं रॉकेट म्हणजे पीएसएलव्ही. वजन जवळपास ३०० टन. एसएलव्ही-३ होतं अवघं १७ टनांचं. एवढी मोठी उडी एकदम मारणं धोक्याचं, म्हणून मधे एक पायरी ठेवली. एसएलव्ही-३ च्या पहिल्या टप्प्यासारखीच दोन रॉकेटं मुख्य रॉकेटच्या दोन्ही बाजूंना बांधायची आणि १५० किलोचा उपग्रह न्यायचा. हेच एएसएलव्ही. पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झालेले डॉ. वसंत गोवारीकर १९७९ ते १९८५ या काळात तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. एएसएलव्हीची जडणघडण झाली ती याच केंद्रात.

पहिलं अपयश, मग दुसरं

२४ मार्च १९८७. श्रीहरिकोट्याहून एएसएलव्ही उडालं. बाजूची दोन रॉकेटं व्यवस्थित जळली. ती विझताच मधलं मुख्य रॉकेट पेटायला हवं होतं, ते पेटलंच नाही.

चौकशीत संशय मुख्य रॉकेट पेटवणाऱ्या यंत्रणेवर आला. पण सगळा पुरावा समुद्रात गेलेला, त्यामुळे एका कारणावर बोट ठेवणं अवघड होतं. मग जी जी कारणं शक्य वाटली, त्या सगळ्यांचा बंदोबस्त करण्यात आला.

१३ जुलै १९८८. दुसरं उड्डाण. या वेळी मुख्य रॉकेट पेटलं, म्हणजे मागच्या वेळची चूक दुरुस्त झाली होती. पण यान कलंडलं, हवेच्या दाबाखाली मोडलं आणि पुन्हा समुद्रात गेलं. एसएलव्ही म्हणजे ‘सी लव्हिंग व्हेइकल’, समुद्राच्या प्रेमात पडलेलं यान, असे विनोद व्हायला लागले.

नेमकं बिघडलं कुठे?

धावत्या मोटारसायकलवर गिअर बदलताना क्षणभर इंजिनाचा जोर तुटतो. सपाट रस्त्यावर ते जाणवतही नाही. पण तोच क्षण घाटातल्या वळणावर, सोसाट्याच्या वाऱ्यात आला तर?

एएसएलव्हीचं असंच झालं. बाजूची रॉकेटं विझणं आणि मुख्य रॉकेटने जोर धरणं यांच्यामध्ये एक छोटासा काळ असा होता, की यान सावरायला पुरेशी ताकदच नव्हती. आणि हा काळ आला उड्डाणानंतर सुमारे ५० सेकंदांनी, म्हणजे यानावर हवेचा मारा सर्वांत जास्त असताना.

हे शोधताना इस्रोने केवळ आपल्या माणसांवर भिस्त ठेवली नाही. वायुगतिकीतले नावाजलेले शास्त्रज्ञ प्रा. रोद्दम नरसिंह यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती बसली. ज्यांनी रॉकेट बनवलं त्यांना आपल्याच कामातली फट दिसणं कठीण असतं. बाहेरून आलेल्या माणसाला ‘हे असंच का?’ असं विचारायला संकोच वाटत नाही.

महत्त्वाचा बदल झाला तो मुख्य रॉकेट पेटवण्याच्या वेळेत. आधी ठरवून ठेवलेल्या सेकंदावर विसंबायचं नाही. बाजूच्या रॉकेटांचा जोर प्रत्यक्षात कधी ओसरतो, ते यानाने स्वतः ओळखायचं आणि त्याच क्षणी मुख्य रॉकेट पेटवायचं.

चार वर्षांची वाट

या कामाला जवळपास चार वर्षं लागली. २० मे १९९२ रोजी तिसरं एएसएलव्ही उडालं आणि त्याने १०६ किलोचा उपग्रह कक्षेत सोडला. कक्षा ठरवल्यापेक्षा खालची मिळाली, त्यामुळे उपग्रह दोन महिन्यांच्या आतच वातावरणात जळून गेला. म्हणजे यश आलं, पण पूर्ण नाही. ४ मे १९९४ च्या चौथ्या उड्डाणातला उपग्रह मात्र पुढे सात वर्षं कक्षेत होता.

दरम्यान २० सप्टेंबर १९९३ रोजी पीएसएलव्हीचं पहिलं उड्डाणही फसलं. दुसरा आणि तिसरा टप्पा वेगळे होताना यानाला हिसका बसला, आणि त्याला सावरणाऱ्या संगणक प्रणालीत एक चूक निघाली. मात्र पहिला अजस्र टप्पा, दुसऱ्या टप्प्याचं द्रवइंधनाचं विकास इंजिन हे सगळं चाललं होतं. त्यामुळे या वेळी दुरुस्तीला चार वर्षं लागली नाहीत. तेराव्या महिन्यात, १५ ऑक्टोबर १९९४ रोजी, पीएसएलव्हीने ८०४ किलोचा उपग्रह कक्षेत नेऊन ठेवला.

बाजूला रॉकेटं जोडण्याचं तंत्र, उड्डाणादरम्यान स्वतःची दिशा सुधारत जाणारी मार्गदर्शन प्रणाली, रॉकेट उभं ठेवूनच जोडणी करण्याची पद्धत, हे सगळं एएसएलव्हीवर शिकून झालं होतं.

या टीमच्या नेत्यांनी काय केलं?

दोन्ही एएसएलव्ही पडली आणि पहिलं पीएसएलव्ही फसलं, तेव्हा इस्रोचे अध्यक्ष एकच होते, प्रा. यू. आर. राव (१९८४ ते १९९४). तीन मोठी अपयशं एकाच माणसाच्या कारकिर्दीत. वरवर पाहिलं तर हा खराब निकाल वाटेल.

पण पुन्हा एकदा यादी बघा. पहिल्या वेळी रॉकेट पेटलं नाही. दुसऱ्या वेळी पेटलं, पण सावरलं नाही. तिसऱ्या वेळी पोहोचलं, पण खालच्या कक्षेत. पीएसएलव्ही फसलं ते आणखी वेगळ्याच कारणाने. एकही चूक दुसऱ्यांदा झालेली नाही. प्रत्येक वेळी टीम आधीपेक्षा पुढे जाऊन अडखळली होती. सातत्याने होणारी प्रगती बाहेरून बघणाऱ्याला कित्येकदा अशी, अपयशांच्या ओळीसारखीच दिसते.

यातून टीम चालवणाऱ्या कुणालाही, मग ते ऑफिस असो, बचत गट असो की गावातली कबड्डीची टीम, एक साधी कसोटी मिळते. अपयश आलं की ‘कुणामुळे?’ हे विचारण्याआधी ‘ही चूक जुनी की नवी?’ हे विचारायचं. चूक जुनी असेल तर मागच्या वेळी दुरुस्ती नीट झाली नव्हती, आणि त्याची जबाबदारी आधी नेत्याची. चूक नवी असेल तर टीम पुढे सरकली आहे, तिला वेळ द्यायला हवा.

हीच कसोटी आजच्या इस्रोलाही लागू होते. १८ मे २०२५ रोजी पीएसएलव्हीचं एक उड्डाण तिसऱ्या टप्प्यातल्या बिघाडामुळे फसलं. अशा बातमीवर ‘इस्रोला झालंय काय?’ अशी पोस्ट टाकायला दोन मिनिटं पुरतात. पण पुढच्या उड्डाणांमध्ये तोच टप्पा कसा चालतो, हे बघितल्याशिवाय त्याचं खरं उत्तर मिळत नाही.