वहाणेची खूण : स्पर्शजन्य त्वचादाहाचा विचार

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात जाण्यापूर्वी यात्रेकरू वहाणा बाहेर काढून ठेवतो. कधी कधी वहाण निघाली तरी तिची आकृती पावलावर राहते. पट्टा जेथे टेकतो, नेमक्या त्याच रेषेत त्वचा लाल व खरखरीत होते आणि तिला कंड सुटते. हा नायटा समजून अनेक जण मलमे चोळतात. परंतु कारण पायातच राहिल्यामुळे विकार पुनःपुन्हा उद्भवतो. यास स्पर्शजन्य त्वचादाह म्हणतात.

त्याचे दोन प्रकार आहेत. घर्षण आणि घाम यांमुळे होणारा क्षोभजन्य दाह कोणासही होऊ शकतो. अ‍ॅलर्जीजन्य दाह मात्र ज्याच्या शरीराने एखादे द्रव्य परके म्हणून ओळखून ठेवले आहे, त्यालाच होतो. ही ओळख घडण्यास कधी १० ते १५ दिवस, तर कधी अनेक वर्षे लागतात. पुढे त्या द्रव्याचा स्पर्श झाला की १ ते ३ दिवसांत पुरळ उठते. म्हणूनच जुन्या, सवयीच्या वस्तूवर रुग्णाचा संशय जात नाही.

तमिळनाडूत पूर्वी कातडे आवारम, म्हणजेच मराठीतील तरवड, या झुडपाच्या सालीने कमावीत. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन यांच्या प्रयत्नांनी मद्रासेत क्रोम पद्धती आली. या पद्धतीचे कातडे मऊ व टिकाऊ असते. परंतु त्यातील क्रोमियमचा अंश घामात विरघळून त्वचेत शिरू शकतो. रबरी चपलांतील थायुरम व मर्कॅप्टोबेन्झोथायाझोल, बुटांच्या चिकटद्रव्यातील राळ, पाठपिशवीच्या बकलातील निकेल हीही अशीच द्रव्ये होत. कावेरीच्या मुखप्रदेशातील उष्ण, दमट हवेत घाम सुकत नाही आणि त्यांचे काम सोपे होते.

निदानासाठी संशयित द्रव्ये पट्टीखाली पाठीवर ४८ तास ठेवून प्रतिक्रिया पाहतात. ती उशिरा उमटू शकत असल्याने नंतर पुन्हा एकदा पाहणी करतात. ही पद्धत याडासोन यांनी १८९५ मध्ये मांडली. तंजावरात दुसरे सरफोजी राजे (१७७७–१८३२) यांच्या धन्वंतरी महालातही अनुभवास उतरलेले उपाय नोंदवून ठेवीत. निरीक्षण आणि नोंद यांचे हे महत्त्व येथेही लागू पडते.

एकदा जडलेली ही संवेदनशीलता बहुधा आयुष्यभर टिकते. मलमाने दाह शमतो. पण खरा उपाय म्हणजे दोषी द्रव्य ओळखून ते टाळणे. क्रोमियम सोसत नसल्यास वनस्पतींच्या सालीने कमावलेल्या कातड्याची वहाण घ्यावी. रबर सोसत नसल्यास तळ आणि चिकटद्रव्य कशाचे आहे, याची चौकशी करावी. खूण पावलावर असली, तरी तिचे कारण वहाणेत शोधावे लागते.