गणवेश ते गादी – भाग ५ : खुर्चीवर न्यायमूर्ती, मागे सेनापती

मागच्या आठवड्यात आपण पाकिस्तानच्या अयुब खानांपाशी थांबलो होतो. ७ ऑक्टोबर १९५८ला राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झांनी राज्यघटना मोडीत काढली, सेनाप्रमुख अयुबना मार्शल लॉचे मुख्य प्रशासक नेमले आणि विसाव्या दिवशी त्याच अयुबनी मिर्झांना गाशा गुंडाळायला लावला. मिर्झांचे उरलेले आयुष्य लंडनमध्ये गेले. अयुबनंतरचे बरेच सेनानी एवढे उतावीळ नव्हते. त्यांनी राष्ट्राध्यक्षाची खुर्ची लगेच बळकावली नाही. काही महिने, कधी वर्ष-दीड वर्ष, तिच्यावर दुसऱ्याला बसू दिले. आणि हा दुसरा कोण, हे पाहू लागलो की एक गंमत ध्यानात येते. तो फार वेळा न्यायाधीश निघतो.

बांगलादेशात ऑगस्ट १९७५मध्ये शेख मुजीब यांची हत्या झाली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बंडामागून बंड झाले आणि त्या धुमश्चक्रीत राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ दिली गेली ती अबू सादत मोहम्मद सायेम यांना. ते देशाचे पहिले सरन्यायाधीश. खरी सूत्रे मात्र सेनाप्रमुख झिया उर रहमान यांच्याकडे सरकत गेली. नोव्हेंबर १९७६मध्ये मार्शल लॉचे मुख्य प्रशासकपद सायेमांकडून झियांकडे आले आणि २१ एप्रिल १९७७ला प्रकृतीचे कारण देऊन सायेम पायउतार झाले. पुढे मार्च १९८२मध्ये जनरल एर्शाद यांनी उठाव केला, तेव्हा त्यांनीही तीन दिवसांत एक निवृत्त न्यायमूर्ती शोधून काढले, अहसानुद्दीन चौधरी. डिसेंबर १९८३मध्ये त्यांना बाजूला करून एर्शाद स्वतः राष्ट्राध्यक्ष झाले.

पाकिस्तानात सेनाप्रमुख परवेझ मुशर्रफ यांनी १२ ऑक्टोबर १९९९ला पंतप्रधान नवाझ शरीफ यांना घालवले. पण शरीफ यांच्याच पक्षाने निवडून आणलेले राष्ट्राध्यक्ष रफीक तारर यांना हात लावला नाही. तारर हे सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. मुशर्रफ स्वतःला 'मुख्य कार्यकारी' म्हणवत राहिले. एखाद्या कंपनीच्या दारावर शोभेल असा हा किताब. जून २००१मध्ये तारर गेले, मुशर्रफ राष्ट्राध्यक्ष झाले आणि महिना उलटायच्या आत आग्ऱ्याला वाजपेयींसमोर राष्ट्रप्रमुख म्हणून बसले. इजिप्तमध्ये ३ जुलै २०१३ला जनरल अल-सिसींनी राष्ट्राध्यक्ष मोहम्मद मोर्सींना हटवले आणि दुसऱ्या दिवशी शपथ घेतली ती अदली मन्सूर यांनी. ते सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाचे प्रमुख, आणि तेही पद हाती येऊन त्यांना आठवडा झाला नव्हता. वर्षभराने, गणवेश उतरवलेले सिसी सुमारे ९७ टक्के मते घेऊन निवडून आले.

सगळेच न्यायाधीश होते असे नाही. पाकिस्तानातच जनरल झिया-उल-हक यांनी जुलै १९७७च्या उठावात पंतप्रधान भुत्तोंना हटवल्यावर त्यांच्याच पक्षाचे फजल इलाही चौधरी यांना सप्टेंबर १९७८पर्यंत राष्ट्राध्यक्षपदी ठेवले, आणि ते निव्वळ राजकारणी. तरीही हा योगायोग नाही असे मला वाटते. बंदूक हाती असलेल्याला सगळे काही मिळते, पण 'हे कायदेशीर आहे' हे वाक्य त्याने स्वतः उच्चारून भागत नाही. ते दुसऱ्याने, शक्यतो काळा झगा घातलेल्याने, उच्चारावे लागते. पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने दोस्सो खटल्यात यशस्वी उठाव स्वतःच कायद्याचा उगम ठरतो असा निकाल दिला. तो निकाल आला २७ ऑक्टोबर १९५८ला, म्हणजे अयुबनी मिर्झांना घालवले त्याच दिवशी. मिर्झांच्या कृत्याला मान्यता द्यायला बसलेल्या न्यायालयाने नकळत मिर्झांना काढणाऱ्याचीही वाट मोकळी केली.

एवढे परदेशी दाखले दिल्यावर नागपूरकर वाचक म्हणेल, यात आमचे काय? आमचे आहे, आणि बरेच आहे. राष्ट्राध्यक्ष, सार्वमत, मार्शल लॉ हे शब्द आपल्याकडे यायच्या आधी हाच खेळ नागपुरात खेळला गेला.

नागपूर वसवले देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने. त्याचा मुलगा चांद सुलतान याने राजधानी इथे आणली, शहराला कोट घातला, नाग नदीचे पाणी अडवून जुम्मा तलाव बांधला. आपण आज त्याला गांधीसागर म्हणतो. चांद सुलतान वारल्यावर बख्त बुलंदचा एक दासीपुत्र वली शहा याने गादी बळकावली. चांद सुलतानची विधवा रतनकुंवर हिच्यापुढे प्रश्न होता तो मुलांचा, बुऱ्हाण शहा आणि अकबर शहा यांचा. तिने मदत मागितली वऱ्हाडातल्या रघुजी भोसल्यांकडे.

रघुजी तेव्हा कोण होते? साताऱ्याच्या शाहू छत्रपतींचे सेनासाहेबसुभा. किताब पूर्णपणे लष्करी, आणि तोही सरळ वारशाने आलेला नव्हता. आधीचे सेनासाहेबसुभा त्यांचे चुलते कान्होजी. ते शाहूंना जुमानेनासे झाले म्हणून शाहूंनी पुतण्यालाच त्यांच्यावर पाठवले. रघुजींनी चुलत्याला पकडून साताऱ्याला नेले आणि किताब मिळवला. म्हणजे वरिष्ठाच्या हुकमाने आपल्याच घरच्या माणसाला बाजूला सारण्याचा सराव या गड्याला आधीच होता.

पहिल्या खेपेला त्यांनी जे केले ते एखाद्या आज्ञाधारक सेनापतीला शोभेल असेच. वली शहाचा निकाल लावला, राणीच्या मुलांना गादीवर बसवले, बक्षीस घेतले आणि वऱ्हाडात परतले. मग दोघा भावांत तंटा झाला. थोरल्या बुऱ्हाण शहाने पुन्हा रघुजींना हाक मारली. १७४३ची ही गोष्ट. अकबर शहाला परागंदा व्हावे लागले. पुढे हैदराबादेत त्याच्यावर विषप्रयोग झाला. या खेपेला रघुजी परत गेले नाहीत.

गादी रिकामी नव्हती, आणि त्यांनी ती रिकामी केलीही नाही. बुऱ्हाण शहाचा 'राजा' हा किताब राहिला, मान राहिला, वर्षासन ठरले. रघुजी झाले राजाचे रक्षक. फौज, वसुली, कारभार सगळे रक्षकाकडे. गोंड राजघराण्याचा हा मान पुढच्या पिढ्यांतही चालू राहिला, आणि राज्य मात्र भोसल्यांचे झाले. सायेम किंवा अहसानुद्दीन चौधरी यांच्या वाट्याला दीड-पावणेदोन वर्षे आली. बुऱ्हाण शहाच्या वंशजांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्यांचे पेन्शन आले.

एका पराभूत घराण्याला असे पोसण्यात रघुजींचा फायदा काय? इथे १७४३ हेच साल पुन्हा पाहावे लागते. त्याच वर्षी बंगालच्या स्वारीवरून रघुजी आणि पेशवे बाळाजी बाजीराव यांची गाठ पडली होती. पेशवे बंगालच्या नवाबाच्या, अलीवर्दी खानाच्या बाजूने उतरले आणि रघुजींच्या फौजेला मागे हटावे लागले. शेवटी शाहूंना दोघांची हद्द आखून द्यावी लागली, आणि बंगाल-ओडिशाची बाजू रघुजींकडे आली. अशा काळात नागपूरचा मुलूख 'आमचा' म्हटला की साताऱ्याचा हिशेब आणि पुण्याचा हात, दोन्ही मागोमाग येणार. 'हा मुलूख गोंड राजाचा, आम्ही त्याचे राखणदार' म्हटले की बोट दाखवायला एक माणूस राहतो. सिंहासनावर बसवलेला माणूस अशा वेळी ढालीच्या कामी येतो. साताऱ्याला तरी दुसरे काय चालले होते? डिसेंबर १७४९मध्ये शाहू वारले आणि वर्षभरात छत्रपती साताऱ्यात, सत्ता पुण्यात अशी रीत पक्की झाली. रघुजी आणि पेशवे एकमेकांचे वैरी असतील, पण हा धडा दोघांनी एकाच शाळेत गिरवला होता.

पुढे १८१७च्या, इंग्रजांशी झालेल्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले पदच्युत झाले, अल्पवयीन तिसरे रघुजी गादीवर बसवले गेले आणि रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांनी अनेक वर्षे त्यांच्या नावाने कारभार हाकला. भोसल्यांनी गोंड राजाला जिथे बसवले होते, तिथेच इंग्रजांनी भोसल्यांना बसवले. फरक एवढाच की इंग्रजांना ढालीची गरज फार दिवस उरली नाही. १८५३मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले.

पहिल्या रघुजींच्या हाती बोलावणे होते, सुहार्तोंच्या हाती कागद. इंडोनेशियात ११ मार्च १९६६ला राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांनी सही केलेल्या एका पत्राने जनरल सुहार्तोंना शांतता राखण्यासाठी लागेल ते करण्याचा अधिकार मिळाला. दुसऱ्या दिवशी सुहार्तोंनी कम्युनिस्ट पक्षावर बंदी घातली. सुकार्नो आणखी वर्षभर राष्ट्राध्यक्ष म्हणवत राहिले, मार्च १९६७मध्ये सुहार्तो हंगामी आणि मार्च १९६८मध्ये पूर्ण राष्ट्राध्यक्ष झाले. बत्तीस वर्षांची राजवट ज्या पत्रावर उभी राहिली त्याची मूळ प्रत आजवर सापडलेली नाही. वेगवेगळ्या मजकुरांच्या प्रती मात्र आहेत.

स्वतंत्र भारतात हे का झाले नाही, हा या लेखमालेच्या शेवटच्या भागाचा विषय असणार आहे. आज फक्त एक धागा. नागपूरजवळच्या वाडीत राहणाऱ्याच्या अंगणातच दारूगोळा बनतो. 'डिफेन्स'ला ड्युटीला जाणारी माणसे इथल्या घराघरांत आहेत. पण अंबाझरीची आयुध निर्माणी सैन्याच्या मालकीची नाही, कधीच नव्हती. ती संरक्षण मंत्रालयाच्या मुलकी खात्याखाली होती आणि २०२१पासून 'यंत्र इंडिया' या सरकारी कंपनीकडे आहे. तोफगोळा वापरणारा आणि बनवणारा यांचे मालक वेगळे. पाकिस्तानात फौजी फाउंडेशन सिमेंट आणि खत विकते, इजिप्तमध्ये सैन्याच्या कंपन्या पास्ता आणि बाटलीतले पाणी विकतात. आपल्याकडे तर १९५५मध्ये 'सरसेनापती' हे पदनामच काढून टाकले गेले. फील्ड मार्शल करिअप्पांना राजकारणाची हौस नव्हती असे नाही. १९७१मध्ये त्यांनी ईशान्य मुंबईतून लोकसभा लढवली, मतदारांनी पाडले आणि ते घरी गेले.

आता न्यायमूर्तींकडे परत. कारण ज्या शिडीने हे सेनापती चढले तिनेच त्यातल्या काहींना खाली आणले. सुरुवातीला मुशर्रफ यांना न्यायालयांचा त्रास झाला नाही. जानेवारी २०००मध्ये न्यायाधीशांना नव्या हुकमाखाली पुन्हा शपथ घ्यायला लावली गेली. सरन्यायाधीश सईदुज्जमान सिद्दिकी यांनी नकार दिला आणि घरचा रस्ता धरला. बाकी बऱ्याच जणांनी शपथ घेतली. मे महिन्यात उरलेल्या न्यायालयाने उठाव ग्राह्य धरून तीन वर्षांची मुदत बहाल केली. त्या शपथ घेतलेल्यांत एक होते इफ्तिखार चौधरी. मार्च २००७मध्ये, तोवर सरन्यायाधीश झालेल्या याच चौधरींना मुशर्रफ यांनी राजीनामा मागितला. ते नाही म्हणाले. वकील रस्त्यावर आले. नोव्हेंबरात आणीबाणी लादावी लागली, २८ नोव्हेंबरला मुशर्रफ यांनी अखेर गणवेश उतरवला आणि दुसऱ्या दिवशी मुलकी राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली. गणवेशाविना ते नऊ महिनेही टिकले नाहीत.

एर्शाद यांचीही गत तीच. डिसेंबर १९९०मध्ये ढाक्याचे रस्ते पेटले तेव्हा सत्ता कोणाकडे सोपवायची यावर विरोधकांचे एकमत झाले ते सरन्यायाधीश शहाबुद्दीन अहमद यांच्यावर. एका न्यायमूर्तीला उठवून बसलेला माणूस दुसऱ्या न्यायमूर्तीला जागा देऊन उठला.

सिसींनी हे सारे पाहिलेले दिसते. एप्रिल २०१९मध्ये त्यांनी राज्यघटनेत जी दुरुस्ती करून घेतली तिची बातमी आपल्याकडे आली ती मुदतवाढीची: सहा वर्षांचा कार्यकाळ, आणि २०३०पर्यंत राष्ट्राध्यक्ष राहण्याची सोय. त्याच दुरुस्तीत, कमी गाजावाजा झालेले, आणखी एक कलम होते. न्यायसंस्थांचे प्रमुख यापुढे राष्ट्राध्यक्ष नेमणार, त्यांच्या सर्वोच्च परिषदेचे अध्यक्षही तेच. ही दुरुस्ती सार्वमताने मंजूर झाली. सार्वमताच्या आकड्यांबद्दल पुढच्या आठवड्यात.