पिक ब्लांवरून खाली येणारी सायकल

कळसूबाईच्या माथ्यावरून सायकल सोडली आणि ती थेट अरबी समुद्रात जाऊन थांबली, असं समजा. उतार होईल 1646 मीटरचा. फ्रान्समध्ये आल्प्सच्या कुशीत दर जुलैत एक शर्यत होते, तिचा उतार याहून जवळजवळ हजार मीटर जास्त आहे. मेगाअॅव्हलान्श हे तिचं नाव. आल्प द्युएझच्या वर पिक ब्लां नावाचं 3330 मीटर उंचीचं शिखर आहे. केबलकारने तिथे जायचं आणि सायकलवरून 720 मीटरवरच्या आलमाँ गावात उतरायचं. 1995 पासून हा प्रकार सुरू आहे. आल्प द्युएझ हे नाव आपण ऐकलेलं असतं ते ‘टूर द फ्रान्स’मुळे. 1952 साली फाउस्टो कोप्पी जिंकला तोच 21 वळणांचा घाट. ती चढाची गोष्ट होती. ही उताराची.

माझा भाचा म्युनिकला नोकरी करतो. त्याने यंदा या शर्यतीला जायचं मनावर घेतलं आणि फोन केला, “मामा, सायकल कोणती घेऊ? दुकानदार म्हणतो उतारच आहे, तर सरळ डाउनहिलची घे.” मी पुण्यात तीस वर्षं सायकली चालवतोय आणि त्यातली बरीच वर्षं त्या स्वतःच्या हाताने उघडतोय. त्याला दिलेलं उत्तर जरा सविस्तर इथे लिहितो, कारण हा प्रश्न आता मराठी मुलंमुलीही विचारू लागली आहेत.

आधी वाट समजून घ्यावी लागते. सुरुवात एकाच वेळी होते, शेकडो सायकली एकदम सुटतात. पायाखाली बर्फ. सारेन हिमनदी गेल्या काही दशकांत इतकी आटली आहे की बर्फ किती मिळेल आणि उघडा खडक किती, हे त्या त्या वर्षावर अवलंबून. मग सुट्या दगडांचा मोठा पट्टा, मग गवताळ कुरणं, मधे दम काढणारे छोटे चढ आणि शेवटी मुळं नि धूळ असलेलं जंगल. पुढचे गडी सुमारे पाऊण तासात खाली पोचतात. आपल्यासारख्यांना त्याच्या दुप्पट वेळ सहज लागतो. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाच्या आसपास, म्हणजे पहिल्या पेडललाच छाती भरून येते.

आता दुकानदाराची सायकल. डाउनहिलच्या सायकलीला पुढे-मागे 200 मिलिमीटरचं सस्पेन्शन असतं. दगडांवर ती गालिच्यावरून गेल्यासारखी जाते. पण तिची सीट बसून पेडल मारण्यासाठी नसते, गिअर मोजके असतात आणि ते मधले चढ आले की ती अक्षरशः ढकलत न्यावी लागते. दुसरं टोक म्हणजे क्रॉसकंट्रीची हलकी सायकल, 100 ते 120 मिलिमीटरची. चढावर पाखरू, पण त्या दगडांत दहा मिनिटांत मनगटं सोलवटून काढते. या दोन्हींच्या मधली जी एन्ड्युरो म्हणतात ती, 150 ते 170 मिलिमीटरची, साधारण 15 किलोची, हीच या वाटेची सायकल. तिचा फोर्क चांगला पुढे झुकलेला असतो, जमिनीशी साधारण 64 अंशांचा कोन. त्यामुळे पुढचं चाक तुमच्यापासून लांब राहतं आणि तीव्र उतारावर हँडलवरून पुढे फेकलं जाण्याची भीती कमी होते. ड्रॉपर सीटपोस्ट हवीच. अंगठ्याने कळ दाबली की सीट खाली, चढ आला की वर.

पण सस्पेन्शनच्या आकड्यांवर सगळी चर्चा संपते, याचं मला खरंच वाईट वाटतं. ही शर्यत ब्रेक आणि टायरची आहे.

हिशेबच करू. माणूस, सायकल, हेल्मेट, चिलखत मिळून 95 किलो धरा. ते 2600 मीटर खाली आणलं की जी ऊर्जा मोकळी होते, तिने सात लिटर साधं पाणी उकळेल. थोडी हवा खाते, थोडी टायर आणि सस्पेन्शन खातं. उरलेली सगळी ब्रेकच्या दोन पातळ पोलादी चकत्यांत, म्हणजे रोटरमध्ये, उष्णता होऊन जाते. लांब उतारानंतर सायकल आडवी करून पाहा. रोटरवर निळसर-जांभळी झाक आलेली दिसते, जळक्या पॅडचा उग्र वास येतो, आणि बोट जवळ नेलं तरी धग लागते. लावू मात्र नका.

म्हणून रोटर 200 मिलिमीटरच्या आसपासचे, कॅलिपर चार पिस्टनचे आणि पॅड धातुमिश्रित. सेंद्रिय पॅड मऊ चावतात, पण इतक्या उष्णतेत लवकर झिजतात आणि हार मानतात. ज्या ब्रेकमध्ये डॉट द्रव असतो त्यांची आणखी एक गोष्ट आहे. हा द्रव हवेतली ओल शोषतो. डॉट 4 ताजा असताना किमान 230 अंशांना उकळतो, ओल शिरल्यावर ती मर्यादा 155 पर्यंत खाली येऊ शकते. द्रव उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर मऊ पडून थेट हँडलला टेकते. माझ्या बाबतीत हे एकदा घाटात झालं आहे. समोर वळण होतं, हातात काही नव्हतं, आणि मी मुद्दाम डाव्या बाजूच्या झुडपात घुसलो. द्रव दोन पावसाळे जुना होता. बदलायचा आळस माझा. तेव्हापासून मोठ्या उताराआधी द्रव ताजा भरल्याशिवाय मी निघत नाही. नवे पॅड घातले तर आधी एखाद्या उतारावर वीसेक वेळा वेग घेऊन जोरात कमी करावा, म्हणजे ते रोटरवर बसतात. शर्यतीच्या सकाळी कोरे पॅड घालून जाणं चुकीचं.

टायर घेताना दुकानात एक करा. टायरची भिंत अंगठा आणि तर्जनीत धरून चुरगाळा. कापडासारखी दुमडली तर ठेवून द्या. चामड्याच्या जाड पट्ट्यासारखी हाताला विरोध करत असेल तर तीच घ्या. हलका टायर साधारण 900 ग्रॅमचा असतो, दुपदरी भिंतीचा 1200 च्या पुढे जातो. वजन पाहून मन कचरतं, पण रिम आणि धारदार दगड यांच्यामध्ये टायर चिमटला गेला की त्या वाचवलेल्या ग्रॅमांचा काही उपयोग नसतो. रुंदी 2.4 ते 2.5 इंच, ट्यूबलेस, आत ताजं सीलंट. खिशात पंक्चरची स्ट्रिप आणि छोटा पंप. बाकी गिअर, हँडल, रंग यांवर फार डोकं चालवू नये.

भारतातून जाऊन तिथे सायकल भाड्याने घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. आपल्याकडे बहुतेक सायकलींचा उजवा हात पुढच्या ब्रेकवर असतो, युरोपात बहुतेक डावा. सपाटीवर हे ध्यानातही येत नाही. बर्फावर घाबरून सवयीचा हात दाबला, की चाक भलतंच धरलं जातं. पुढचं चाक धरलं गेलं तर ते तिरकं होतं आणि माणूस आडवा. भाड्याची सायकल हातात आली की पहिलं वाक्य हेच बोला: ब्रेक अदलाबदल करून द्या. चांगल्या मेकॅनिकला ते अवघड नाही.

डोकं आणि चेहरा झाकणारं पूर्ण हेल्मेट, हातमोजे, गुडघ्याचं आणि पाठीचं संरक्षण इथे सक्तीचं असतं, त्यात पर्याय शोधू नका.

भाच्याने डाउनहिलची सायकल घेतली नाही. त्याच्याकडची तीन वर्षं जुनी 160 मिलिमीटरची एन्ड्युरो त्याने ठेवली आणि वाचलेल्या पैशांतून रोटर, पॅड, टायर बदलले. मला ते फार आवडलं, कारण ती सायकल कुठे सरकते आणि कुठे धरते हे त्याच्या हातापायांना ठाऊक आहे. शेवटच्या जंगलात हात बधिर झालेले असताना अनोळखी सायकल सावरणं कठीण जातं.

पुढच्या जुलैचा विचार मनात असेल, तर येत्या सुट्टीतच तुमची सायकल उलटी करून पॅड किती उरले आहेत ते पाहा, आणि ज्या सायकलवर जाणार तिच्यावरच सराव सुरू करा.